मालवेअर ओळखत बसू नका, त्याची वाट अडवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चारशेच्या आसपास संगणक, वीसेक सर्व्हर, चार जणांची आयटी टीम. सगळीकडे अँटीव्हायरस आहे, फायरवॉल आहे, रोज रात्री बॅकअप होतो. ओळखीतल्या एका संस्थेकडेही हे सगळं होतं, तरी तिथे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, म्हणजे मालवेअर) शिरलं आणि दोन आठवडे काम ठप्प झालं. आता येणारा प्रत्येक विक्रेता सांगतो की धोके बदललेत, आमचं नवं साधन घ्या. मालवेअर रोज बदलत असेल, तर बचाव सुरू तरी कुठून करायचा?

मी गेली अठरा वर्षं हल्ला होऊन गेल्यावर ज्यांना बोलावतात अशा टीममध्ये काम करतोय. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार. सगळे स्क्रीन काळे पडलेल्या सर्व्हर रूममध्ये उभं राहून आम्ही मागचे दिवस उलगडत जातो, तेव्हा 'इथे एवढं एक केलेलं असतं तर हा प्रकार इथेच थांबला असता' अशा जागा सापडतात. त्या जागा वर्षानुवर्षं फारशा बदललेल्या नाहीत.

'मालवेअर बदलतंय' या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. रोज बदलतं ते फाइलचं रूप. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक किंवा नको असलेल्या प्रोग्रॅमची नोंद करते. यातला मोठा भाग म्हणजे जुनाच माल नव्या वेष्टनात. पॅकर नावाचं साधन तोच प्रोग्रॅम दर वेळी निराळ्या पद्धतीने गुंडाळतं, फाइलचा हॅश (तिच्यातून काढलेला ओळख-आकडा) बदलतो आणि फक्त सिग्नेचरवर, म्हणजे आधी पाहिलेल्या फाइलींच्या खुणांवर, चालणाऱ्या अँटीव्हायरसला ती फाइल अनोळखी वाटते. दिलेला कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी बिनचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं होतं. म्हणजे ओळखण्याची शर्यत पूर्णपणे कधीच जिंकता येणार नाही. ती सोडून द्यावी असं मी म्हणत नाही, पण सगळा डाव तिच्यावर लावू नये.

बदलत नाहीत त्या हल्लेखोराच्या गरजा. त्याला आत यावं लागतं. आत आल्यावर कुणाच्या तरी खात्याचा आधार घ्यावा लागतो. एका मशीनवरून दुसऱ्यावर जावं लागतं. बाहेर असलेल्या स्वतःच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. खंडणी वसूल करायची तर बॅकअप निकामी करावा लागतो. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिस वर्म, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, पाहा. तो पसरला सेंडमेल आणि फिंगर या सेवांमधल्या त्रुटींवरून, ओळखता येण्याजोग्या पासवर्डवरून आणि एका मशीनने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासावरून. आज मी ज्या घटनांचे अहवाल लिहितो त्यांत सॉफ्टवेअरची नावं निराळी असतात, कारणं हीच.

डेव्हिड बियांको यांनी २०१३ मध्ये एक पिरॅमिड मांडला होता, आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना माहीत असतो. तळाशी हॅश आणि आयपी पत्ते, जे हल्लेखोर काही मिनिटांत बदलतो. शिखरावर त्याची काम करण्याची पद्धत, जी बदलायची तर त्याला अख्खा धंदा नव्याने शिकावा लागतो. तुमचा पैसा आणि तुमच्या चार माणसांचा वेळ शिखराच्या जितका जवळ खर्च होईल तितका तो टिकेल.

आता ज्या घटनेतून मी सगळ्यात जास्त शिकलो तिच्याकडे येतो.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं. दीडशे देश, दोन लाखांहून अधिक संगणक, ब्रिटनमधली रुग्णालयं. ज्या त्रुटीवर ते चाललं तिचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे हाताशी जवळजवळ दोन महिने होते. त्यातून सगळ्यांनी धडा घेतला की पॅच लावा. धडा खरा होता, पण अपुरा. दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. युक्रेनमध्ये कंपन्या हिशेब आणि करांसाठी वापरत असलेल्या एम.ई.डॉक नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते आत शिरलं. तीच त्रुटी तेही वापरत होतं, पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. ज्या मशीनवर ते पोहोचलं तिच्या मेमरीत कुणाकुणाचे पासवर्ड पडलेत ते त्याने उचललं आणि विंडोजच्या स्वतःच्या रिमोट व्यवस्थापनाच्या सोयी वापरून पुढच्या मशीनवर रीतसर लॉगइन केलं. पॅच केलेली मशीन अशाने पडली. एका साध्या संगणकावर आयटीतला कुणीतरी डोमेन अ‍ॅडमिनचं (संस्थेतल्या सगळ्या मशीनवर पूर्ण अधिकार असलेलं) खातं वापरून प्रिंटर बसवून गेला असेल, तर तेवढं पुरेसं होतं.

मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीने नंतर उघडपणे सांगितलं की त्यांना सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि लॉगइन सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांशी सतत जुळवून घेणारे होते, म्हणून एक गेला की दुसरा आहे असा भरवसा होता. प्रत्यक्षात सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची पुन्हा उभारणी त्या एका बंद पडलेल्या मशीनवरून सुरू झाली. जाळ्याला जोडलेल्या प्रती कितीही असल्या तरी संकटात ती एकच प्रत ठरते, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. जाळ्याबाहेर असलेली प्रतच उपयोगाची.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर पहिला हात अ‍ॅडमिन खात्यांना घातला असता. विकत काही न घेता आजच करता येणारं आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारं काम हेच आहे. डोमेन अ‍ॅडमिन गटात किती खाती आहेत ते आधी मोजा. मी पाहिलेल्या मध्यम आकाराच्या संस्थांमध्ये हा आकडा कधीच दोन-तीन नव्हता. त्यात सोडून गेलेले कर्मचारी असतात, बॅकअप सॉफ्टवेअरचं खातं असतं, पाच वर्षांपूर्वी एखाद्या कंत्राटदाराने 'तात्पुरतं' बनवलेलं खातं असतं. ते सगळं उतरवून दोन-तीनवर आणा. आणि नियम करा की डोमेन अ‍ॅडमिनचं खातं डोमेन कंट्रोलरशिवाय आणि अ‍ॅडमिनसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या मशीनशिवाय कुठेही लॉगइन होणार नाही. हा नियम कागदावर ठेवू नका, ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या केंद्रीय सेटिंगमधून) लादा, नाहीतर घाईच्या दिवशी तुमचाच माणूस तो मोडेल. लोकांचे संगणक सांभाळायला वेगळी खाती, सर्व्हर सांभाळायला वेगळी. दर मशीनवरच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड निराळा आणि आपोआप बदलणारा हवा. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स नेमकं हेच करतं आणि २०२३ पासून ते विंडोजमध्येच येतं.

याच कामाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे संगणकाने संगणकाशी बोलणं बंद करणं. हिशेब विभागातल्या लॅपटॉपला भांडार विभागातल्या लॅपटॉपशी थेट बोलायची गरज काय? दोघांनाही सर्व्हरशी बोलायचं असतं. प्रत्येक विंडोज मशीनमधला फायरवॉल चालू करून ४४५, ३३८९, १३५ आणि ५९८५ या पोर्टवर (विंडोजच्या फाइल-शेअर आणि रिमोट सेवांच्या दारांवर) येणारी जोडणी फक्त तुमच्या अ‍ॅडमिन मशीनकडून स्वीकारली जाईल असं करा. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी मोडतील, कुणाचा तरी जुना शेअर केलेला फोल्डर, कुणाच्या तरी टेबलावरचा प्रिंटर. ते आठवडाभरात निस्तरतं. एवढं झालं की एका मशीनवर शिरलेलं मालवेअर त्याच मशीनपुरतं राहण्याची शक्यता खूप वाढते, मग ते कालचं असो की उद्याचं.

आत येण्याच्या वाटा बदलतात, आणि तिथे 'बदलतं मालवेअर' हे शब्द खरोखर लागू पडतात. ईमेलमधून येणाऱ्या फाइलींचाच प्रवास बघा. अनेक वर्षं वर्ड आणि एक्सेलमधले मॅक्रो (फाइलमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) हा राजरस्ता होता. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद केले. लगेच आयएसओ फाइली आणि शॉर्टकट फाइली आल्या. त्यांवर उपाय झाला, तर २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या फाइली आल्या. २०२४ पासून क्लिकफिक्स नावाचा प्रकार फोफावलाय, आणि त्यात फाइलच नसते. वेबपानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असा खोटा कॅप्चा दिसतो, तो सांगतो की विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली पॉवरशेलची (विंडोजमधल्या आज्ञा चालवण्याच्या साधनाची) आज्ञा वापरणारा स्वतःच्या हाताने चालवतो. ईमेलमधली फाइल तपासणारं कुठलंही साधन इथे उपयोगी पडत नाही, कारण तपासायला ईमेलही नसतो आणि फाइलही.

या पाठशिवणीत प्रत्येक नव्या फाइलप्रकारामागे धावण्यापेक्षा पुढची पायरी अडवणं शहाणपणाचं. एचटीए, जेएस, व्हीबीएस या आज्ञा चालवणाऱ्या फाइलींवर डबल क्लिक केलं की त्या नोटपॅडमध्ये उघडतील असं करून ठेवा. फुकट आहे आणि सामान्य वापरणाऱ्याचं त्यावाचून काहीच अडत नाही. ज्यांच्या कामाला पॉवरशेल लागत नाही त्यांच्याकडे ते बांधून ठेवा आणि सगळीकडे त्याचा लॉग चालू करा. जमेल तिथे, निदान सर्व्हरवर आणि पैशाचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर, मंजूर केलेलेच प्रोग्रॅम चालतील अशी व्यवस्था करा. हे काम किचकट आहे. चारशे मशीनवर एकदम करायला जाल तर फसेल, पण वीस सर्व्हरवर नक्की जमतं, कारण सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम महिनोन् महिने तेच असतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आजच्या हल्ल्यांमध्ये हल्लेखोर कित्येकदा मालवेअर वापरतच नाहीत. आत आल्यावर ते एनीडेस्कसारखं रिमोट साधन स्वतः बसवतात. ते अस्सल, सहीशिक्क्याचं सॉफ्टवेअर असल्यामुळे अँटीव्हायरस त्याला हात लावत नाही. तुमच्या संस्थेत दूरवरून मदत करायला एकच साधन ठरवा, बाकी सगळ्यांची नावं अडवा, आणि त्यातलं एखादं कुठे दिसलं तर ती आणीबाणी समजा. दोन वेगवेगळ्या संस्थांमध्ये मी हल्ला एन्क्रिप्शनच्या आधी पकडला गेलेला पाहिलाय तो केवळ या एका नियमामुळे.

आता खात्यांबद्दल. फोडून आत येण्यापेक्षा किल्लीने दार उघडणं सोपं, आणि किल्ल्या बाजारात मिळतात. इन्फोस्टीलर जातीचं मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगइन झालेल्या सत्रांच्या कुकीज काही सेकंदांत गोळा करतं आणि त्यांचे गठ्ठे विकले जातात. ही चोरी कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकावरही होऊ शकते, जिथे त्याने ऑफिसचा पासवर्ड सेव्ह केलेला असतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली ती वापरात नसलेल्या पण चालू राहिलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात शिरण्याची सोय) खात्यामुळे. त्याचा पासवर्ड आधीच फुटलेला होता आणि दुसरी पडताळणी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकी आरोग्यसेवा कंपनीमध्ये चोरलेल्या पासवर्डने एका रिमोट पोर्टलवर लॉगइन झालं, तिथेही दुसरी पडताळणी नव्हती. आत आल्यापासून एन्क्रिप्शन सुरू होईपर्यंत नऊ दिवस गेले. नऊ दिवस! कुणी पाहत असतं तर एवढ्या वेळात ते नक्की सापडलं असतं.

तेव्हा बाहेरून उघडणाऱ्या प्रत्येक दारावर दुहेरी पडताळणी हवी, अपवाद एकही नको. अपवाद नेहमी वरिष्ठांसाठी किंवा जुन्या यंत्रणेसाठी केला जातो, आणि आम्हाला आतली पहिली पावलं तिथेच उमटलेली दिसतात. एसएमएसवरचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण खोट्या लॉगइन पानावर माणूस तोही टाइप करतो. अ‍ॅडमिन आणि पैसे हाताळणाऱ्यांना फायडो२ ची हार्डवेअर की किंवा पासकी द्या. ती खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशीच बांधलेली असल्यामुळे नकली पानावर चालतच नाही. आणि व्हीपीएन, फायरवॉल, फाइल देवाणघेवाणीचे सर्व्हर यांचे पॅच बाकी सगळ्यांच्या आधी लावा. इंटरनेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या यंत्रांना महिन्याच्या पॅच-फेरीची वाट पाहायला लावू नका, त्यांच्यासाठी मी दोन दिवसांची मुदत मानतो.

ईडीआर, म्हणजे प्रत्येक मशीनवर लक्ष ठेवणारं सुरक्षा साधन, घ्यावं का? घ्यावं. ते फाइलच्या रूपाऐवजी वागणुकीकडे बघतं: वर्डने पॉवरशेल का उघडलं, पासवर्ड सांभाळणाऱ्या एलसॅस प्रक्रियेच्या मेमरीत कोण डोकावतंय, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) कोण पुसतंय. पण विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा की शनिवारी रात्री अडीच वाजता धोक्याची सूचना आली तर ती कोण वाचणार आणि मशीन जाळ्यातून तोडण्याचा अधिकार त्याला असेल का. एका संस्थेत आम्ही सोमवारी पोहोचलो तेव्हा सगळं एन्क्रिप्ट झालेलं होतं. लॉग पाहिले तर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला एका सर्व्हरवर पासवर्ड चोरणारं साधन सापडलं होतं, अँटीव्हायरसने ते पुसलं होतं आणि 'कारवाई पूर्ण' अशी हिरवी नोंद केली होती. कुणी ती उघडून पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी हिरवा रंग बघून पुढे गेलं असतं. सर्व्हरवर असं साधन सापडणं म्हणजे तिथे आत्ता माणूस बसलाय. फाइल पुसली गेली, माणूस तिथेच होता. त्याने दुसरं साधन आणलं. ती नोंद वाचताना त्या टीममधल्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, रात्री पाहणारी माणसं तुमच्याकडे नसतील तर ईडीआरचा परवाना थोडा हलका घ्या, पण चोवीस तास लक्ष ठेवणारी सेवा त्याच्यासोबत घ्याच.

ईडीआर नसलेली एखादी जागा राहतेच, आणि हल्लेखोर ती शोधतात. अकिरा टोळीच्या एका प्रकरणात ईडीआरने विंडोज सर्व्हरवर रॅन्समवेअर अडवलं, तेव्हा त्यांनी त्याच जाळ्यातल्या लिनक्सवर चालणाऱ्या वेबकॅमवरून सर्व्हरचे फोल्डर एन्क्रिप्ट केले. कॅमेरे, प्रिंटर, हजेरीची यंत्रं यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात) टाका आणि तिथून सर्व्हरकडे जाणारी वाट बंद करा. व्हर्च्युअल मशीन चालवणारे ईएसएक्सआय होस्ट तर त्याहून नाजूक जागा: एक होस्ट एन्क्रिप्ट झाला की त्यावरचे सगळे सर्व्हर एका फटक्यात जातात. हे होस्ट डोमेनला जोडू नका. २०२४ मध्ये उघड झालं की डोमेनला जोडलेल्या होस्टवर 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' या नावाचा गट डोमेनमध्ये नुसता तयार केला तरी त्यातल्या सदस्यांना होस्टचे पूर्ण अधिकार मिळत होते.

बाहेर जाणाऱ्या वाटेकडे फार कमी लोक बघतात. फायरवॉल आत येणाऱ्यावर कडक आणि बाहेर जाणाऱ्यावर पूर्ण सैल, हे चित्र मी जवळजवळ सगळीकडे पाहतो. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेलं सोलरविंड्सचं प्रकरण इथे फार बोलकं आहे. ओरायन या सॉफ्टवेअरच्या अधिकृत, सही केलेल्या अपडेटमध्ये मागचं दार, म्हणजे हल्लेखोराला गुपचूप आत घेणारी सोय, होतं. सुमारे १८,००० ग्राहकांनी ते बसवलं. बसवल्यानंतर ते जवळपास दोन आठवडे गप्प राहायचं, म्हणजे चाचणी घेणाऱ्यालाही संशय येऊ नये. अँटीव्हायरस, पॅच, सही तपासणं, यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. पण जिथे ओरायन सर्व्हरला इंटरनेटवर मोकळेपणी जायला परवानगी नव्हती तिथे ते आपल्या मालकाशी बोलूच शकलं नाही आणि निष्प्रभ राहिलं. अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने, सिसाने, नंतर हे मान्यही केलं. तुमचे वीस सर्व्हर कुठकुठल्या पत्त्यांवर जातात ते महिनाभर नुसतं नोंदवा. यादी अपेक्षेपेक्षा छोटी निघेल. मग तेवढीच वाट उघडी ठेवा, बाकी बंद.

ते प्रकरण उघड कसं झालं तेही सांगतो, कारण तरुण सहकाऱ्यांना मी ते नेहमी सांगतो. फायरआय या सायबरसुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडला गेल्याची सूचना आली. कुणीतरी त्या कर्मचाऱ्याला फोन करून विचारलं, 'हा फोन तुमचा का?' तो म्हणाला, नाही. तिथून धागा सुटत गेला. मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या एक्सझेड लायब्ररीतलं मागचं दार सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून. तुमच्याकडचे लोक असं विचारतील अशी जागा ठेवा. चुकीच्या लिंकवर क्लिक केलेल्या माणसाला ओरडलात तर पुढचा माणूस दोन दिवस गप्प बसेल, आणि तुमच्या हातातले तेच दोन दिवस असतात. एका ठिकाणी हिशेब विभागातल्या बाईंनी क्लिक केल्यावर चौथ्या मिनिटाला फोन केला, 'मी काहीतरी चुकीचं केलंय बहुतेक.' नुकसान एका लॅपटॉपवर थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. त्यानंतर त्या ऑफिसातून शंका विचारणारे फोन कित्येक पटींनी वाढले. आणि हो, 'भाषेच्या चुका दिसल्या तर ईमेल खोटा' हे शिकवणं आता बंद करा. एआयमुळे खोटा ईमेलही शुद्ध आणि नीटनेटका येतो.

बॅकअप रोज होतो असं तुम्ही लिहिलंय. शेवटचा परत कधी आणून पाहिला? हल्लेखोर आत आल्यावर बॅकअप सर्व्हर शोधणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी असतं. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये असेल आणि डोमेन अ‍ॅडमिनला त्यात शिरता येत असेल, तर तो बॅकअप हल्ल्याच्या दिवशी नसल्यासारखाच आहे. तो डोमेनबाहेर काढा, त्याची खाती वेगळी ठेवा, एक प्रत ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशा साठवणीत ठेवा आणि एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तुटलेली. मग वर्षातून दोनदा खरी तालीम करा: रिकाम्या मशीनवर, आधी डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारा प्रोग्रॅम, हातात घड्याळ घेऊन. अशाच एका तालमीत आम्हाला कळलं की बॅकअप उत्तम होता, एन्क्रिप्ट केलेला होता, आणि तो उघडण्याची की ज्या सर्व्हरवर होती त्याच सर्व्हरचा तो बॅकअप होता. तालीम होती म्हणून निभावलं. ती की आता कागदावर, तिजोरीत आहे.

बॅकअप सगळ्याचं उत्तर नाही हेही लक्षात ठेवा. २०२३ मध्ये क्लॉप टोळीने मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून असंख्य संस्थांचा डेटा उचलला आणि एन्क्रिप्शनची तसदीच घेतली नाही, नुसती उघड करण्याची धमकी दिली. जो डेटा तुमच्याकडे नाही तो चोरीला जात नाही. जुन्या ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या प्रती, दहा वर्षांपूर्वीचे अर्ज, हे कशासाठी ठेवलंय ते विभागप्रमुखांना विचारा आणि कायद्याने ठेवायला लागत नसेल ते काढून टाका.

खंडणी देऊन सुटका होईल या भरवशावर कुणी असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. चेंज हेल्थकेअरच्या प्रकरणात सुमारे २.२ कोटी डॉलर दिले गेले, आणि त्यानंतर दुसऱ्या टोळीने तोच डेटा दाखवून पुन्हा पैसे मागितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी लॉकबिट टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा पैसे दिलेल्या लोकांचाही डेटा त्यांवर तसाच पडलेला होता.

हल्ल्याच्या क्षणासाठी एकच कागद तयार ठेवा, खरोखरचा कागद, कारण त्या दिवशी ईमेल आणि शेअर केलेला फोल्डर दोन्ही गेलेले असतात. त्यावर कुणाचे फोन नंबर, बोलायचं कुठे, आणि इंटरनेट तोडण्याचा निर्णय एकट्याने कोण घेऊ शकतो त्याचं नाव. मशीन जाळ्यातून तोडा, पण घाबरून बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात. एन्क्रिप्शन डोळ्यांदेखत चालू असेल आणि तोडता येत नसेल तर मात्र सरळ वीज काढा. काहीही नव्याने बसवण्याआधी हल्लेखोर आत कुठून आले ते शोधा, नाहीतर ते त्याच वाटेने परत येतात. आणि डोमेन वाचवलं असेल तर केआरबीटीजीटी खात्याचा (डोमेनमधली लॉगइनची तिकिटं, म्हणजे प्रवेशाचे परवाने, याच खात्याच्या पासवर्डवर बनतात) पासवर्ड दोनदा बदला, मधे बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याएवढा आणि जुन्या तिकिटांची मुदत संपण्याएवढा वेळ देऊन. यंत्रणा मागचा पासवर्डही लक्षात ठेवते, म्हणून एकदा बदलून हल्लेखोराने बनवून ठेवलेली तिकिटं रद्द होत नाहीत.

चार माणसांत हे सगळं एकदम होणार नाही. पहिल्या महिन्यात अ‍ॅडमिन खाती, लॅप्स आणि बाहेरच्या दारांवरची दुहेरी पडताळणी. दुसऱ्यात बॅकअप डोमेनबाहेर आणि पहिली तालीम. तिसऱ्यात संगणकासंगणकांमधली वाट आणि सर्व्हरची बाहेरची वाट. चोवीस तास पाहणाऱ्या सेवेसाठी पैसे मागायचे ते त्याच सुमारास, तालमीत किती तास लागले तो आकडा हातात घेऊन. व्यवस्थापनाला धोक्याची भाषा ऐकून कंटाळा आलेला असतो, पण 'आज सगळं गेलं तर परत उभं राहायला आम्हाला नऊ दिवस लागतील, आम्ही मोजलंय' हे वाक्य ते ऐकतात. विक्रेत्यांना तोपर्यंत थांबायला सांगा.

डोमेन अ‍ॅडमिन गटाची यादी आजच काढा. त्यातलं एखादं नाव कुणाचं आहे हे चौघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही, तर ते खातं पुसू नका, आधी बंद करा आणि ते शेवटचं कधी आणि कुठून वापरलं गेलं ते पाहा. गेल्या महिनाभरात ते रात्रीच्या वेळी वापरलेलं दिसलं, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि लगेच घटना हाताळणाऱ्या माणसांना बोलवा.